तीन चिमटी राख

टेकडीवरचे जुने तमायोसे घर उघडायला चाळीस मिनिटे लागतात. सव्वीस सरकत्या लाकडी फळ्या आहेत. एकेक फळी खोबणीतून सरकवत न्यायची आणि कोपऱ्यातल्या पेटीत उभी करायची. घाई केली तर तीस मिनिटांत होते, पण मग फळीचा खालचा कोपरा झिजतो आणि पुढच्या वर्षी सुतार शोधावा लागतो. पश्चिमेकडची तिसरी फळी अडते. तिला आधी उचलायचे, मग ढकलायचे. हे आता कामादोशिवाय कोणाला माहीत नव्हते.

कामादो सत्त्याहत्तर वर्षांची होती. बेटावरची मोठी लढाई संपून दोन वर्षे झाली तेव्हा ती या घरात थोरली सून म्हणून आली. आता घर गावाच्या कचेरीकडे होते. लोक तिकीट काढून बघायला येत, लाल कौलांचे फोटो काढत, डुकरांच्या दगडी खणांत डोकावून नाक मुरडत. कामादो तिथे पगारावर झाडलोट करी. तिचा मुलगा शहरात चौथ्या मजल्यावर राहत असे. तो म्हणे, "आई, स्वतःच्याच घरात मोलकरीण झालीस."

"मोलकरणीला पगार मिळतो," ती म्हणे. "सुनेला कुठं मिळत होता?"

टेकडीच्या पायथ्याशी तिची सिमेंटची दोन खोल्यांची जागा होती. तिथे ती फक्त झोपायला जाई. चुलीचा देव तिने खाली नेला नव्हता. तो वरच होता, स्वयंपाकघरात, तीन दगडांच्या मागे, चिनी मातीच्या पांढऱ्या भांड्यात. भांड्यात राख होती. ती राख हेच देवाचे आसन.

घर कचेरीकडे गेले तेव्हा नियम झाला की आत काडी ओढायची नाही. तेव्हापासून वीस वर्षे कामादो दर महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला काळी चपटी उदबत्ती न पेटवताच राखेवर ठेवत होती. शेजारी पाणी, मीठ, मूठभर तांदूळ. थंड उदबत्ती चालते. देवराईत तशीच वाहतात. पण थंड उदबत्तीची राख होत नाही. वीस वर्षांत भांड्यातली राख चिमूटभरही वाढली नव्हती. होती ती सासूच्या हातची, आणि त्याखाली सासूच्या सासूच्या हातची. लढाईत गावकरी गुहेकडे पळाले तेव्हा सासूने कपडे घेतले नाहीत, तांदूळ घेतले नाहीत. हे भांडे फडक्यात बांधून पोटाशी धरले आणि तीन महिन्यांनी तसेच परत आणले.

धूर बंद झाल्यावर घराचा वास बदलला. कचेरीची माणसे वर्षातून एकदा वाळवीचे औषध मारून जात. धूर होता तेव्हा वाळवी नव्हती, हे कामादोने त्यांना एकदा सांगितले. त्यांनी लिहून घेतले. पुढच्या वर्षी पुन्हा औषध मारले.

त्या वर्षी बाराव्या महिन्याच्या सातव्या तिथीला कामादोचे गुडघे इतके सुजले की मुलगा तिला दवाखान्यात घेऊन गेला. त्या दिवशी ती कामावर आली नाही. आठव्या तिथीला, पानात गुंडाळलेले तांदळाचे उंडे करण्याच्या दिवशी, ती सकाळी टेकडी चढून वर आली. थंडीचा वारा होता. खाली उसाला तुरे आले होते. एरवी तिला चढायला पंधरा मिनिटे लागत, त्या दिवशी पंचवीस लागली. फळ्या उघडून ती शेवटी स्वयंपाकघरात गेली.

भांडे पांढरेशुभ्र होते. आतूनसुद्धा.

सुगिमोरी नावाची मुलगी तिथे उभी होती. ती उत्तरेकडून, मोठ्या बेटावरून आलेली, कचेरीने सहा महिन्यांपूर्वी नेमलेली. कामाला चोख. हातात फडके होते.

"तमायोसे आजी, बरं वाटतंय का आता? काल म्हटलं, तुम्ही नाहीत तर स्वयंपाकघर मी करून टाकते. पुढच्या आठवड्यात वरून साहेब यायचेत ना पाहायला."

कामादोने भांडे उचलले आणि उजेडात धरले. "घासायला किती वेळ लागला?"

"वीस मिनिटं. आतला थर निघतच नव्हता. बरीच जुनी घाण होती."

"चांगलं घासलंयस," कामादो म्हणाली. "राख कुठं टाकलीस?"

"जळणाऱ्या कचऱ्यात." मग मुलीने तिच्या तोंडाकडे पाहिले. "का? टाकायची नव्हती का?"

"गाडी गेली?"

"सकाळी सातला." सुगिमोरीचा चेहरा उतरला. "आजी, काय केलं मी? काय होतं ते?"

ओरडावे असे कामादोला वाटले नाही. ज्याने वीस मिनिटे मनापासून घासले त्याला काय ओरडायचे? ती उंबऱ्यावर टेकली. तिचे हात मांडीवर पडून राहिले. झाडू भिंतीलाच टेकलेला होता आणि घर झाडायचे बाकी होते. असे वीस वर्षांत पहिल्यांदा झाले.

कचेरीचे गिबोसाहेब अकराला आले. माणूस इथलाच, पलीकडच्या गावचा. त्याला सांगावे लागले नाही. भांडे पाहिल्याबरोबर त्याने कपाळावर हात मारला आणि सुगिमोरीला बाहेर पाठवले.

"काकू, आता काय करायचं? दुकानात मिळते राख. पिशवीत येते, स्वच्छ, चाळलेली. हल्ली नवीन घरात लोक तीच आणतात. मी आणून देतो आजच."

"पिशवीतल्या राखेला या घरातलं काय माहीत आहे?"

"देव तोच की."

"तुझी आई गेल्यावर मी दुसरी एखादी म्हातारी आणून बसवली असती तर चाललं असतं? म्हातारी तीच की."

गिबोसाहेब सुगिमोरीला समजवायला बाहेर गेले.

दिवस सोळाच उरले होते. चोविसाव्या तिथीला चुलीचा देव वर आकाशात जातो आणि वर्षभरात घरात काय झाले ते सांगून येतो. आसनच नसेल तर उठणार कोण, आणि परत येऊन बसणार कुठे? कामादोला हे आपले शेवटचे वर्ष आहे हे ठाऊक होते. वसंतात ती काम सोडणार होती. गुडघ्यांनी तसे कळवले होते. तिच्यामागे पाणी-मीठ ठेवायचे गिबोसाहेबांच्या बायकोने कबूल केले होते. पण रिकाम्या भांड्यापुढे कोण काय ठेवणार?

या चुलीची राख जगात आणखी एकाच ठिकाणी होती. इतोमान गावी, नाबेकडे.

नाबे म्हणजे कामादोची धाकटी जाऊ. अठ्ठावीस वर्षे कामादोने तिचे नाव तोंडातून काढले नव्हते.

त्याआधी चौदा वर्षे दोघी एकाच स्वयंपाकघरात होत्या. तोफू करायचा तर पहाटे भिजलेले सोयाबीन जात्यात भरडावे लागे. कामादो जाते ओढी, नाबे दाणे टाकी. दाणे टाकणे सोपे दिसते, तसे नाही. दोन दाणे जास्त पडले तर जाते जड होते, दोन कमी पडले तर दगडाला दगड घासतो. नाबे कधी चुकत नसे. बोलता बोलता, हसता हसता, जात्याकडे न बघता ती टाकत राही, आणि कामादोच्या खांद्याला ओझे म्हणून कळत नसे. नाबे गेल्यावर दुसरी बाई आली, नंतर तिसरी. कोणाचाच हात तसा पडला नाही. आता जात्यावर पाटी होती, हात लावू नये. पाहुणे गेल्यावर कामादो ते पुसायची. पुसताना दांडा थोडा फिरवायची. समोर कोणी नसले की जाते हलके फिरते, आणि ते हलकेपण तिला सोसत नसे.

सासू वारली त्या वर्षी धाकट्या दिराने इतोमानला वेगळे बिऱ्हाड करायचे ठरवले. वेगळे होताना थोरल्या घरच्या चुलीतून तीन चिमटी राख मागून न्यायची असते. नाबेने मागितली. कामादो म्हणाली, "सुतकाचं वर्ष आहे. सुतकात राख वाटत नाहीत. पुढच्या वर्षी ये."

नाबे तेव्हा अडतीस वर्षांची होती आणि तिसऱ्यांदा दिवस गेले होते. आधीची दोन राहिली नव्हती. ती म्हणाली, "जाऊबाई, पुढच्या वर्षी नको. मूल व्हायच्या आत घरात चूल पाहिजे." कामादो नियम सोडून बोलली नाही. एका सकाळी ती शेतावरून आली, तर राखेत तीन ठिकाणी बोटांचे खड्डे होते आणि नाबेचे गाठोडे नव्हते.

त्याच हिवाळ्यात कामादोचा नवरा गेला. त्याने वीस वर्षे खाणीत दगड कापला होता आणि दोन वर्षे तो खोकत होता. डॉक्टरने फुप्फुसाचे चित्र उजेडात धरून दाखवले होते. कामादोला सगळे माहीत होते. तरी अंत्यविधीला नाबे जड पोटाने पायऱ्या चढून आली, तेव्हा कामादो सगळ्यांदेखत म्हणाली, "चूल चोरलीस आणि घरचा माणूस नेलास. चोर."

नाबे आली तशी उतरली. नंतर तिला मुलगी झाली, हे कळले. या मार्चमध्ये धाकटा दीर वारला, तेही कळले. कामादोने मुलाला पाठवले. स्वतः गेली नाही.

अकराव्या तिथीला तिने सुट्टी मागितली. सुगिमोरी म्हणाली, "आजी, मी गाडीनं सोडते. पाऊण तासात पोचू."

"नको. बसनं जाते."

"दोन बस बदलाव्या लागतील. तुमचे गुडघे—"

"माझे गुडघे मला माहीत आहेत. तू पश्चिमेची तिसरी फळी नीट उघड. आधी उचल, मग ढकल. नुसती ढकलू नकोस."

दोन तास लागले. इतोमानच्या गल्लीत मासळीचा वास होता. नाबेचे घर सिमेंटचे, दुमजली, पायऱ्या उंच. दार उघडले ते सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या बाईने. रुंद कपाळ, नाबेचेच.

"कोण हवंय, आजी?"

"नाबे."

"आपण?"

"वरच्या घरची."

मुलीने आत हाक मारली, "आई, वरच्या घरचं कोणीतरी आलंय."

आत पाटीवर सुरी चालत होती. ती थांबली. मग आवाज आला, "आत घे. पायरी उंच आहे. गुडघे सांभाळा म्हणावं."

अठ्ठावीस वर्षांत भेट नाही, पण गुडघ्यांची खबर होती.

नाबे सहासष्ट वर्षांची झाली होती. केस पांढरे, कंबर जाड. तिने जाईचा चहा ठेवला, बशीत काळ्या गुळाचे खडे ठेवले आणि समोर बसली.

"चोराच्या घराची वाट बरी सापडली तुम्हाला, जाऊबाई."

"दोन बस बदलल्या."

"अठ्ठावीस वर्षं बस बंद होती वाटतं."

कामादोने गुळाचा खडा उचलला आणि हातातच धरला. "राख गेली," ती म्हणाली. "भांडं धुतलं."

"कोणी?"

"कामावरच्या पोरीनं. उत्तरेकडची आहे. साहेब येणार म्हणून घासलं. वीस मिनिटं घासत होती."

नाबेने तोंडाला पदर लावावा तसा हात लावला, पण हसू निसटलेच. "वीस मिनिटं? लढाईत गुहेत जाऊन आलेली राख, आणि एका पोरीनं साबण लावून—" ती हसत सुटली. जात्यावर हसायची तशीच, खांदे हलवत. कामादोलाही हसू आले. मग दोघींच्या एकाच वेळी लक्षात आले की आपण हसतो आहोत.

नाबे उठली आणि तिने स्वयंपाकघराचा पडदा सारला. गॅसच्या शेगडीमागे, खिडकीत, पांढरे भांडे होते. राख काठोकाठ भरलेली, मऊ, करडी. मधोमध जळून संपलेल्या उदबत्तीची खूण.

"तीन चिमटी नेल्या होत्या. आता बघा. यातली सासूबाईंची कुठली आणि माझी कुठली, निवडून देऊ? तांदळातले खडे निवडतात तशी?"

"नको. आता एकच आहे ती."

"दर पहिलीला आणि पंधरावीला आधी वरच्या घराचं नाव घेते मी. मग माझ्या घराचं. तुमचंही घेते. शिव्या देऊन घेते, पण घेते."

कामादोला तेव्हा बोलायचे होते. बसमध्ये तिने वाक्य जुळवून ठेवले होते. ते खाणीमुळे गेले, नाबे, तुझ्यामुळे नाही गेले. वाक्य लहान होते. दगड उचलण्यापेक्षा काय जड असणार? पण तिने चहाचा घोट घेतला. ती म्हणाली, "चहा चांगला झालाय."

"हे सांगायला दोन बस बदलल्यात?"

"नाबे, मला तीन चिमटी दे."

नाबेने पडदा पुन्हा ओढून घेतला. "आमचे हे मार्चमध्ये गेले. तुमचे धाकटे दीर. आठवतात का? यंदा आमच्याकडं सुतक आहे. सुतकाच्या वर्षी राख वाटत नाहीत. कोणी शिकवलं होतं बरं मला हे?"

"मी."

"मग?"

कामादोने गुळाचा खडा बशीत परत ठेवला. मग जमिनीला हात टेकून ती उठली. त्याला वेळ लागला. नाबेने हात पुढे केला नाही, आणि कामादोने मागितला नाही.

"मग पुढच्या वर्षी," कामादो म्हणाली. घासाघीस करणे तिला जमत नव्हते. नियम तिचाच होता आणि बरोबर होता. दाराशी तिने चपला चढवल्या आणि नाबेच्या मुलीकडे पाहिले. "ही ती?"

"हीच. इत्सुको. चोरीच्या राखेवर वाढली."

"चांगली वाढली," कामादो म्हणाली आणि पायऱ्या उतरली, एका वेळी एक.

त्यानंतर बारा दिवस ती रोज घर उघडत होती, पुसत होती, बंद करत होती. सुगिमोरी रोज विचारी, "कोणी येणार आहे का, आजी?" कामादो म्हणे, "नाही." साहेब येऊन पाहून गेले. स्वयंपाकघर फार स्वच्छ आहे असे म्हणाले. गिबोसाहेबांनी दुकानातली पिशवी आणून तिकिटाच्या खिडकीत ठेवली होती, लागलीच तर असावी म्हणून. कामादोला ती दिसली होती.

चोविसाव्या तिथीला ती नेहमीपेक्षा एक तास आधी आली. तीन दगड पुसले. भांडे जागेवर ठेवले. पाणी, मीठ, तांदूळ. उदबत्ती हातात घेतली आणि ठेवायला जागा नाही म्हणून परत ठेवून दिली. मग अंगण झाडायला घेतले. अंगण पाऊण तासाचे. फुकुगीच्या झाडांची जाड पाने पडतात, ती ओली असली की झाडूला दाद देत नाहीत, वाकून वेचावी लागतात. वेचताना तिचे लक्ष रस्त्याकडे होते. दहाला एक कुटुंब आले, फोटो काढून गेले. अकराला कोणी नाही. बारा वाजता तिने भाताचा डबा उघडला आणि तसाच मिटला.

इथल्या घरांच्या दारासमोर एक दगडी आडभिंत असते. रस्त्यावरून थेट घरात दिसू नये, आणि आलेल्याने सरळ आत न घुसता वळून यावे म्हणून. उजवीकडून वळला तो बैठकीच्या खोलीकडे जातो. ती पाहुण्यांची वाट, पुरुषांची वाट. डावीकडची वाट स्वयंपाकघराकडे येते. त्या वाटेने घरच्या बायका येतात. कचेरीने आडभिंतीवर पाटी लावली होती, बाण उजवीकडे.

एक वाजता तिकिटाच्या खिडकीपाशी आवाज आला. सुगिमोरी विचारत होती, "एकच तिकीट? पिशवी इथं ठेवता का, आजी? जड दिसतेय."

"नाही. पिशवी माझ्याजवळच राहील. तिकीट द्या."

कामादो अंगणात झाडू धरून उभी राहिली. आडभिंतीच्या पलीकडे पावले आली आणि थांबली. मग उजवीकडे वळली. बैठकीच्या खोलीसमोर नाबे येऊन उभी राहिली. काळे कपडे, हातात तिकीट, छातीशी एक गाठोडे. तिने छपराकडे पाहिले, खांबांकडे पाहिले, पाहुणे पाहतात तसे.

"घर चांगलं ठेवलंय," ती म्हणाली.

"पाहुणे नेहमी तसंच म्हणतात."

"मी पाहुणीच आहे. तिकीट काढलंय." तिने तिकीट दाखवले.

कामादोने झाडू खाली ठेवला. गुडघे दुखत होते, तरी ती अंगणातून चालत नाबेच्या पुढ्यात आली. "परत जा," ती म्हणाली.

नाबेचा चेहरा ताठ झाला.

"परत जा आणि डावीकडनं ये."

नाबे वळली, आडभिंतीमागे गेली आणि दुसऱ्या बाजूने आली, स्वयंपाकघराकडे. कामादो आतून तिथे पोचली होती. खालच्या पायरीवर नाबेने चपला काढल्या आणि टाचेने मागे सारून ठेवल्या. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ती तिथेच, तशाच ठेवत असे.

"आणि सुतक?" कामादोने विचारले.

"सुतक चांगल्या माणसांना. मी चोर आहे. चोराला कसलं सुतक?"

तिने गाठोडे सोडले. वर रजईचा तुकडा, आत टॉवेल, त्याच्या आत झाकणाचे भांडे. "आज दहाला घरी उदबत्ती पेटवली. दोन पेटवल्या. जळून गेल्यावर वरून राख दाबली आणि निघाले. राख ऊब धरते. तुमच्या घरात विस्तव नेता येत नाही, हे मला माहीत आहे. राख नेता येते ना? की त्याचीही पाटी आहे?"

"नाही. राखेची पाटी नाही."

"मग हात लावा. लवकर. पहिली बस उशिरा आली, त्यात अर्धी ऊब गेली असेल."

कामादोने तीन बोटे राखेत घातली. वरची राख गार होती. बोटे आणखी खाली गेली. तिथे कोमट होते. अंड्याखाली हात घातल्यावर असते तेवढे. वीस वर्षांत या चुलीपाशी तिच्या बोटांना कोमट काही लागले नव्हते. तिने बोटे काढली नाहीत.

"चिमटी घ्यायची असते, जाऊबाई. हात शेकायचा नसतो."

कामादोने तीन चिमटी घेतल्या आणि पांढऱ्या भांड्यात सोडल्या. तीन चिमटींनी तळही झाकला नाही. नाबेने ते पाहिले, आपले भांडे उचलले आणि त्यातली निम्मी राख ओतली. मग कडेवर बोटाने टिचक्या मारून राख सपाट केली. दोघी चुलीपुढे बसल्या. बसायला कामादोला खांब धरावा लागला. तिने थंड उदबत्ती राखेवर ठेवली.

या दिवशी देवाला निरोप सांगायचा असतो. घरात जे चांगले झाले तेवढे वर सांग, वाईट इथेच ठेव, असे म्हणतात. कामादो घरातल्यांची नावे घेत गेली, मेलेल्यांची आणि जित्यांची. मग थांबली. मग म्हणाली, "या घरातनं राख चोरीला गेलेली नाही. धाकटीला मूल व्हायचं होतं. तिनं मागितली आणि मी दिली. तीन चिमटी. माझ्या हातानं दिली. असं सांग."

नाबे मान खाली घालून होती. "देवाशी खोटं बोलताय?"

"चांगलं तेवढंच सांगायचं असतं."

"तुम्ही नव्हती दिली. मी नेली."

"आमचे हे गेले ते दगड कापून," कामादो म्हणाली. ती चुलीकडेच बघत होती. "वीस वर्षं दगड कापला त्यांनी. डॉक्टरनं मला दाखवलं होतं. मला माहीत होतं. तेव्हाही माहीत होतं."

बाहेर सुगिमोरी कोणाला तरी तिकीट देत होती. थोड्या वेळाने नाबेने आपले अर्धे रिकामे भांडे टॉवेलात गुंडाळायला घेतले. गाठ नीट बसेना. तिने ती तीनदा सोडली, तीनदा बांधली.

"मला फार आठवण आली," कामादो म्हणाली. "जात्यावर."

"खोटं. हाताखाली दुसरी कोणी टिकली नसेल."

"नाही टिकली."

नाबेने डोळे पुसले आणि जात्याकडे पाहिले. "हात लावू नये," तिने पाटी वाचली. "हे त्यांनी मला तेव्हा सांगायला हवं होतं. माझी बोटं वाचली असती."

पाचला घर बंद होते. नाबेची बस साडेपाचची होती आणि पुढची साडेसहाची. कामादो पहिली फळी ओढू लागली तेव्हा नाबे पिशवी ठेवून पश्चिमेच्या बाजूला गेली. तिसऱ्या फळीशी आली, कोणी सांगितले नाही, तिने फळी आधी उचलली आणि मग ढकलली. फळी गेली.

कामादोने तिकडे पाहिले आणि आपली फळी हातात धरून उभी राहिली.

"बघता काय?" नाबे म्हणाली. "ओढा. बस चुकेल माझी."

एकटीला चाळीस मिनिटे लागतात. दोघींनी मिळून ते काम वीस मिनिटांत व्हायला हवे. त्या दिवशी एक तास पाच मिनिटे लागली.